मोहरकोंडचे नऊ गुण

"चूक म्हणून लाल रेघ मारा मॅडम, पण खोडायला सांगू नका," उतेकर मुकादम म्हणाले.

प्रशिक्षणाचा दुसरा दिवस, दुपारचे साडेचार, आणि महिना मे. तहसील कचेरीमागच्या सभागृहात चार पंखे कुरकुरत फिरत होते आणि त्यांच्याखाली तीस माणसं चहाची वाट बघत पेंगत होती. माझ्यासमोर एकतीस तक्ते होते. तीस तक्त्यांवर मोहरकोंडच्या उताराला नऊ गुण दिलेले होते. एकतिसाव्यावर निळ्या शाईत, खाली दोनदा रेघ मारून, एकवीस.

"उतेकर, नऊ हे बरोबर उत्तर आहे. सगळ्यांचं नऊ आलंय."

"सगळ्यांचं एकमेकांचं बघून आलंय."

मागच्या बाकावरचा एक तलाठी डोळे मिटूनच हसला. मला हसू आलं नाही. मला चहा हवा होता आणि पाठ टेकायला भिंत हवी होती.

या गोष्टीला आता एकवीस वर्षं झाली. तेव्हा मी सेहेचाळीस वर्षांची होते, सरकारी भूवैज्ञानिक. दरड कुठे कोसळू शकते हे ओळखायला शिकवणारं तीन दिवसांचं प्रशिक्षण मी दर मे महिन्यात घ्यायची. तलाठी, ग्रामसेवक, रस्त्यावरचे अभियंते यायचे. पहिल्या वर्षी मी घसा फोडून शिकवलं. अकराव्या वर्षी पाट्या टाकत होते, लपवायचं कशाला. दरवर्षी तीच चित्रं, तेच पालथे घडे, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी प्रमाणपत्रं.

तक्ता सोपा होता. उतार किती तिरका, मातीचा थर किती जाड, झरे आहेत का, झाडं कललीत का, जमिनीला भेगा आहेत का, घरांना तडे आहेत का. प्रत्येकाला गुण द्यायचे आणि शेवटी बेरीज करायची. बारापर्यंत कमी धोका, अठराच्या वर जास्त. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना एका खऱ्या उतारावर न्यायचं आणि हा तक्ता भरून घ्यायचा. तो उतार म्हणजे मोहरकोंड. पहिल्या वर्षी मी स्वतः तो तपासला होता, नऊ गुण दिले होते, आणि कमी धोक्याचा नमुना म्हणून कायमचा ठरवून टाकला होता. ते नऊ मग एका तुकडीकडून दुसऱ्या तुकडीकडे तोंडी पोचले. माणसं वाडीत जायची, कोकम सरबत प्यायची, सावलीत बसून नऊ लिहायची.

पण ते नऊ नुसते शिकवण्यापुरते नव्हते. दोन वर्षांपूर्वी तालुक्यातल्या धोक्याच्या वाड्या हलवायची यादी झाली, तेव्हा मोहरकोंडचं नाव माझ्या नऊमुळे त्या यादीत आलं नव्हतं. दोन आळ्या, तेवीस घरं, एकशे बारा माणसं. वरच्या आळीच्या टोकाला आता अंगणवाडीचा पाया खणायला घेतला होता, तोही माझ्याच कागदावर.

"एकवीस आले कशाचे?" मी विचारलं.

"दारांचे."

"दार असा रकानाच नाही तक्त्यात."

"नाय ना. म्हणून बाकीच्या रकान्यांत थोडे थोडे वाटून टाकले."

उतेकर पंचावन्न-छप्पन्नचे, उंच, किंचित वाकलेले. प्रशिक्षणाला खरं नाव त्यांच्या साहेबांचं होतं. साहेबांना मुलीचं लग्न निघालं, म्हणून हे आले. दोन दिवस पहिल्या बाकावर बसून त्यांनी एक अक्षर लिहून घेतलं नव्हतं.

"मी तिथं पाणी मागितलं मॅडम. घाटरस्त्यावर चौतीस वर्षं झाली मला. कुठं रस्ता खचायला लागला की मी वरच्या घरात पाणी मागायला जातो. तहान नसते. पण पाणी आणेपर्यंत आपण उंबऱ्याशी उभे असतो की नाय? तेवढ्यात दार बघून होतं. आज सकाळी त्या सकपाळकाकींच्या दाराचा खालचा कोपरा तासलेला दिसला. पाचरीसारखा, तीन बोटं. ताजं लाकूड."

"पावसात लाकूड फुगतं, उतेकर. कोकणातला प्रत्येक सुतार दारं तासतो."

"फुगलं तर सगळीकडून फुगेल. इथं चौकटच कललीय, म्हणून कोपराच तासलाय. मग मी आणखी तीन घरी पाणी मागितलं. तोच कोपरा, दरीकडचा. पोट फुटायची वेळ आली. मग खालच्या आळीत गेलो, तिथं एकाही दाराला हात लावलेला नाय."

मी त्यांचा तक्ता त्यांच्यासमोर सरकवला. "उद्या प्रमाणपत्रं आहेत. नऊ लिहा आणि विषय संपवा."

"प्रमाणपत्र नका देऊ. दोन वर्षं राहिली नोकरीची, टांगू कुठं ते? पण तुम्ही एकदा पाणी मागायला चला."

चहा आला आणि मी सुटले. तक्ता तसाच राहिला.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता प्रमाणपत्रं द्यायला प्रांतसाहेब येणार होते. दहाला निरोप आला, तीनला येतील. नेहमीचंच होतं ते. जीप दारात उभी, चालक आडवा पडलेला, आणि पायरीवर उतेकर बसलेले. मला वाटलं, जावं एकदा, या माणसाला तोंडावर पाडावं आणि मोकळं व्हावं. शोधबीध मनात काही नव्हतं, नुसता वैताग होता.

वाडीत आम्हाला बघून धांदल उडाली. काल अधिकारी येऊन गेलेले, आज पुन्हा कोणी येईल हे ध्यानीमनी नव्हतं. अनुसया सकपाळ, सगळी वाडी त्यांना काकी म्हणायची, पदर सारखा करत दारात आल्या. साठीच्या, काटक, कपाळावर गोंदण.

"म्याडम, आज परत? आधी सांगायचं तरी. काय केलंच नाय."

"काही नको काकी. पाणी द्या फक्त."

त्या आत वळल्या आणि मी दार बघितलं. अकरा वर्षांत मी त्या दारात अकरा वेळा उभी राहिले होते. खालचा कोपरा तिरका तासलेला होता. दरवर्षी थोडा थोडा तासत गेल्यासारखे त्याच्यावर टप्पे होते, जुना काळा, त्याच्याखाली करडा, सगळ्यात खाली पिवळं ताजं लाकूड. मी पाणी न पिताच शेजारच्या घरी गेले, मग त्याच्या पुढच्या. वरच्या आळीची नऊ घरं, नऊ दारं, सगळ्यांचा तोच कोपरा.

परत आले तेव्हा काकी तांब्या-भांडं घेऊन तशाच उभ्या होत्या. त्यांचे दीर महादेव सकपाळ, वाडीचे पोलीस पाटील, तेही येऊन उभे राहिले होते.

माझा हट्ट मात्र सुटला नव्हता. मी ओटीकडे बोट दाखवलं. "उतेकर, जमीन बघा. एक भेग दाखवा मला. भिंतीला केसाएवढा तडा दाखवा. दारं हलली आणि जमीन जागेवर राहिली, असं कुठं असतं का?"

उतेकर माझ्याशी बोललेच नाहीत. काकींकडे वळून, घरच्या माणसाशी बोलावं तसं त्यांनी विचारलं, "काकी, सारवण कधी केलंत?"

"परवा केलं की. काल तुमी समदे यायचे होते ना."

"दरवर्षी करता?"

"म्हंजे? पावणे येनार आन् घर तसंच ठेवायचं?"

"नुसतं सारवता, का आधी बुजवायलाबी लागतं?"

काकींनी पाटलांकडे बघितलं. पाटलांनी मान फिरवली. घरातलं उणं पाहुण्यांपुढे काढायचं नाही, हे त्या दोघांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"काकी," उतेकर म्हणाले, "मी भिसेवाडीचा. माझ्या आईनंबी असंच बुजवलं. ती भेग आमच्या चुलीखाली होती. मग दरड आली, आमी वाचलो, म्हस गेली."

काकी आतून उलथणं घेऊन आल्या, ओटीच्या मधोमध उकिडव्या बसल्या आणि आपल्याच हाताने घातलेलं सारवण खरवडू लागल्या. शेणामातीचा पापुद्रा निघाला. त्याच्याखाली मातीचा गिलावा, त्याच्याखाली दगडाच्या कपच्या, आणि कपच्यांच्या खाली कोंबलेलं जुनं लुगडं. ते त्यांनी ओढून काढलं. खाली भेग होती. माझी चार बोटं आत गेली. ती ओटीवरून भिंतीखाली गेली होती, शेजारच्या घराकडे.

माझ्यासाठी आणलेलं पाणी काकींनी भेगेत ओतलं. अख्खा तांब्या. पाणी खाली गेलं आणि कुठे गेलं ते कळलं नाही. काकी म्हणाल्या, "असं पितंय बगा. पावसाळ्यात तर रातंदिस पितंय."

मी खाली बसले. "काकी, मी पहिल्यांदा आले होते, अकरा वर्षांपूर्वी. तेव्हा हे होतं?"

"बारीक होतं. बोट जाईल इतपत."

"मग तेव्हा मला दिसलं कसं नाही?"

"दवंडी दिलेली ना तवा. पुन्याच्या म्याडम येनार, वाडी साफसूफ ठेवा. आमी बाया दोन दीस खपत होतो. समद्या घरांतलं बुजवलं, सारवलं, वर रांगोळी काढली."

ती दवंडी मीच द्यायला लावली होती. तहसीलदारांना आठ दिवस आधी पत्र जायचं: भेटीची पूर्वसूचना द्यावी, परिसर स्वच्छ ठेवावा. पत्रावर सही माझी. अकरा वर्षं, दर मे महिन्यात, मी सहीनिशी कळवत होते की मी बघायला येते आहे, आणि मग येऊन म्हणत होते की काही दिसत नाही.

"सांगितलं का नाहीत मला?"

"तुमी इचारलं कुठं?" काकींच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "दारात उभं राहून म्हनलात, किती सुरेख सारवलंय. आईची आठवन झाली म्हनलात. लय बरं वाटलं आमाला. मग दरसाल झटून करायला लागलो."

इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही. मी शिकलेली, तपासायला आलेली, आणि शेणाचा वास घेऊन खूष होऊन परत गेलेली बाई होते.

आता पाटील बोलले. "म्याडम, सरळ सांगा. धोका हाय की नाय? तुमचा कागद दाखवून अंगणवाडी आणली मी. तुमच्याच कागदानं यादीत नाव आलं नाय, तेबी आमी गोड मानलं. आता काय?"

"आहे," मी म्हणाले. "धोका आहे. मी चुकले."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

ते वळून अंगणवाडीच्या खड्ड्याकडे चालते झाले. त्यांना हाक मारायची मला हिंमत झाली नाही.

तहसीलला परत आल्यावर मी पुण्याला माझ्या साहेबांना फोन लावला. साहेब वाईट माणूस नव्हते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सोनटक्केबाई, झाकली मूठ राहू द्या. 'फेरतपासणी करावी' एवढंच लिहा. दिवाळीनंतर चमू पाठवू, नवे आकडे येतील, तुमच्यावरही काही येणार नाही. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"दिवाळीपर्यंत ती माणसं तिथंच राहतील. पाऊस तीन आठवड्यांवर आलाय."

"अकरा वर्षं राहिलीच आहेत की."

फोन ठेवला. खरं सांगते, मोह झाला. मी फार दमले होते, आणि 'फेरतपासणी करावी' हे दोनच शब्द होते. ते लिहिले असते तर तीन वाजता प्रमाणपत्रं वाटून मी संध्याकाळच्या गाडीने घरी गेले असते. माझ्या चुकीची कबुली मात्र लेखी गेली, तर जिल्ह्याला ती वाडी पावसाआधीच हलवावी लागणार होती. आणि मग माझ्या त्या अकरा वर्षांतल्या बाकी सगळ्या वाड्याही कोणीतरी उकरून बघणार होतं. बघायलाच हव्या होत्या.

मी एक कोरा तक्ता घेतला. उतेकर समोरच्या बाकावर बसले होते, त्यांच्यासमोर भरला. भेगा, तडे, पाणी. बेरीज बावीस.

"बावीस?" उतेकर म्हणाले. "माझ्यापेक्षा एक वाढला?"

"काकींच्या तांब्याचा."

खाली लिहिलं: आधीची तपासणी मी केली होती. ती चुकीची होती. वाडी पावसापूर्वी हलवावी. सही केली, तारीख घातली, तीनला आलेल्या प्रांतसाहेबांच्या हातात तो कागद दिला. त्यांनी तो वाचला, माझ्याकडे वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "प्रमाणपत्रं तुम्हीच वाटा. मला फोन करायचे आहेत."

जूनच्या आठ तारखेला मोहरकोंड हलली, खाली शाळेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये. वाडीने मला नको नको ते ऐकवलं आणि मी ते ऐकून घेतलं. पत्रा दुपारी तापायचा, गुरांना जागा नव्हती, एका म्हाताऱ्याने तिथंच डोळे मिटले आणि त्याच्या मुलाने मला सांगितलं की तो घरी मेला असता तर बरं झालं असतं. माझी चौकशी लागली. बढती गेली ती गेलीच. आणि डोंगर जागचा हलला नाही. तो पावसाळा गेला, पुढचाही गेला. मी जायचे तेव्हा पोरं लांबूनच ओरडायची, आली बघा डोंगरवाली.

लोक परत वर गेले असते, पण काकींनी जाऊ दिलं नाही. दर आठवड्याला त्या तांब्या घेऊन एकट्या वर चढायच्या, आपल्या ओटीवरच्या भेगेत पाणी ओतायच्या, जरा वेळ बसायच्या आणि खाली यायच्या. कोणी परत जायची भाषा काढली की एवढंच म्हणायच्या, "पितंय अजून. मी इचारून आले."

तिसऱ्या वर्षी श्रावणातल्या एका दुपारी वरची आळी गेली. नऊ घरं, अंगणवाडीचा अर्धा पाया आणि खालच्या आळीतली सहा घरं. घरांत कोणी नव्हतं. पाटलांनी मला फोन केला. म्हणाले, "समदे हायत इथं. मोजले मी."

उतेकर तोवर निवृत्त झाले होते. त्यांचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात पडून होतं, कारण उत्तर जुळलं नाही म्हणून निकालपत्रकात त्यांच्या नावापुढे 'अनुत्तीर्ण' लागलं होतं आणि ते बदलायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मी ते घेऊन त्यांच्या घरी गेले. त्यांनी हातात घेऊन वाचलं आणि परत दिलं. "नऊवाल्यांना दिलंत ना हेच? मग मला कशाला?" असं म्हणून पाणी मागवलं. मी दार बघितलं, ते हसले.

गेल्या मे महिन्यात मी पुन्हा मोहरकोंडला गेले. म्हणजे नव्या मोहरकोंडला, खाली नदीपल्याडच्या सपाटीवर. गुडघ्यांनी आता संप पुकारलाय, पुन्हा यायला जमेल की नाही कोण जाणे. आठ दिवस आधी पाटलांच्या मुलाकडे निरोप दिला होता. जुनी सवय.

काकी दारात बसल्या होत्या. ऐंशीच्या पुढे गेल्यात, दिसतं कमी. नव्या घराला फरशी आहे, अंगण मात्र मातीचंच. मी अंगणात पाय ठेवला आणि थांबले. अंगण सारवलेलं नव्हतं. पोपडे निघालेले, कडेला कोंबड्यांनी उकरलेलं, आणि शेणाचा काला केलेली पाटी भिंतीशी तयार ठेवलेली. पाहुणी येणार हे आठ दिवस माहीत असताना, सकपाळकाकींच्या घरी.

"ये बाय," काकी म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच म्याडम म्हणाल्या नाहीत. "सारवलं नाय मुद्दाम. आदी बगून घे."

मी काठी भिंतीला लावली आणि खाली बसले. अंगणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. हाताने माती चाचपली. मग दाराजवळ जाऊन खालचा कोपरा बघितला.

"काही नाही काकी," मी म्हणाले.

"नीट बगितलंस?"

"नीट बघितलं."

"मग व्हय बाजूला," काकी म्हणाल्या आणि सुनेला पाटी आणायला सांगितली.